ऊन चढले की चढणारी नदी: हिमनदीकाठच्या पदभ्रमणाचा आराखडा कसा करावा

खानदेशात नदीचा अंदाज बांधण्याचा एक साधा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आभाळ भरून आले, वर सातपुड्यात किंवा सह्याद्रीत पाऊस झाला, हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना आली, की तापीच्या काठापासून लांब राहायचे. आणि आभाळ मोकळे असेल, ऊन कडक असेल, तर नदीची काळजी करायची नाही. मे महिन्यात धरणातून आवर्तनाचे पाणी सोडलेले नसेल तर पांझरा, बोरी किंवा बुराईच्या पात्रातून वाळू तुडवत पलीकडे जाता येते. हाच हिशेब मनात घेऊन माणूस उन्हाळी सुट्टीत गंगोत्रीच्या वर किंवा हिमाचलातल्या एखाद्या उंच खोऱ्यात चालायला गेला, की तो उलटा पडतो, कारण तिथे सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात उष्ण दुपारच नदीला सगळ्यात जास्त पाणी आणते.

५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात खीर गाड या ओढ्यातून आलेल्या पाण्याच्या आणि चिखलदगडांच्या लोंढ्याने धराली गावाचा मोठा भाग गाडला. धराली गंगोत्रीच्या रस्त्यावरच आहे, आणि त्या वेळी महाराष्ट्रातील अनेक पर्यटकही त्या भागात अडकले होते. तेव्हापासून हिमालयात चालायला जाऊ इच्छिणाऱ्यांच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो: तिकडे जाणे सुरक्षित आहे का? या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. मात्र हिमनदीचे पाणी कसे चालते हे समजले, तर कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या तासाला आणि कुठे असावे याचा आराखडा करता येतो. असा आराखडा करताना बहुतेक लोक आधी अंतर मोजतात. माझ्या मते आधी तास मोजले पाहिजेत.

हिमनदी म्हणजे काय, आणि तिचे पाणी कुठून येते

उंच पर्वतावर दरवर्षी पडणारा हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळला नाही, तर थरावर थर साचतात, वरच्या थरांच्या वजनाने खालचे थर दाबले जाऊन त्यांचा घट्ट बर्फ होतो, आणि हा बर्फ स्वतःच्या भाराने उतारावरून अतिशय हळू सरकू लागतो. अशा सरकणाऱ्या बर्फाच्या साठ्याला हिमनदी, म्हणजेच ग्लेशियर, म्हणतात. गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचे खालचे टोक म्हणजे गोमुख, आणि ते समुद्रसपाटीपासून जवळपास ४,००० मीटर उंचीवर आहे. तिथून भागीरथी बाहेर पडते.

ही हिमनदी पाहायला गेलेल्यांचा पुष्कळदा विरस होतो, कारण समोर पांढऱ्याशुभ्र बर्फाऐवजी करड्या दगडमातीचा ढिगारा दिसतो. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पडलेले दगड तिच्या अंगावर साचलेले असतात. उन्हाळ्यात रसवंतीवर बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात झाकून ठेवतात, तसेच हे आहे: जाड थराखालचा बर्फ टिकतो, पण जिथे झाकण पातळ आहे किंवा फाटले आहे तिथून पाणी गळत राहते, आणि लादीवर ऊन जितके थेट पडेल तितके गळणे वाढते. म्हणूनच एकाच खोऱ्यातल्या दोन हिमनद्यांचे पाणी एकाच तासाला सारखे वाढेलच असे नाही.

वितळलेले पाणी लगेच नदीत येत नाही. ते बर्फाच्या पृष्ठभागावरून वाहते, भेगांतून आत उतरते, बर्फाखालच्या बोगद्यांतून वाट काढते आणि मग टोकाशी बाहेर पडते. या प्रवासाला काही तास लागतात, आणि पुढचा सगळा विषय या काही तासांवर उभा आहे.

नदीचे रोजचे घड्याळ

ऊन सगळ्यात तापदायक असते ते दुपारी बारा ते तीनच्या सुमारास. त्या वेळी वितळलेले पाणी हिमनदीच्या टोकाशी साधारण चार ते सातच्या दरम्यान सर्वाधिक प्रमाणात पोचते. सूर्य मावळल्यावर वितळणे मंदावते, रात्री वरच्या भागात पाणी गोठते, आणि पहाटेपासून सकाळच्या पहिल्या काही तासांत नदी दिवसातली सगळ्यात उथळ असते. सकाळी सहाला घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी पाचला मांडीपर्यंत येऊ शकतो, आणि त्यासाठी पावसाचा एक थेंबही पडावा लागत नाही.

या घड्याळात एक गोष्ट नेहमी दुर्लक्षिली जाते. हे वेळापत्रक हिमनदीच्या टोकाजवळचे आहे. डोंगरी नदीचे पाणी सेकंदाला दोन-अडीच मीटर, म्हणजे ढोबळमानाने तासाला आठ किलोमीटर वेगाने पळते असे धरले, तर टोकाशी संध्याकाळी सहाला आलेला भर, म्हणजे त्या दिवसाचे सर्वाधिक पाणी, २० किलोमीटर खाली साडेआठच्या सुमारास पोचेल, आणि त्याहूनही खाली तो मध्यरात्रीही येऊ शकतो. जितके खाली जावे तितके वेगवेगळ्या उपनद्यांचे भर एकमेकांत मिसळतात आणि चढउतार कमी स्पष्ट होतो. त्यामुळे ‘पहाटे पाणी कमी असते’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा आपण टोकापासून किती दूर आहोत हे नकाशावर मोजून मगच वेळ ठरवावी.

बाजूच्या ओढ्यांचे घड्याळ मुख्य नदीपेक्षा वेगळे असते. ज्या उताराचे तोंड पूर्वेला आहे त्याला सकाळीच ऊन लागते, म्हणून तिथला ओढा लवकर फुगतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीतल्या ओढ्याला उशीर होतो. ओढा छोटा आणि बर्फ जवळ असेल तर भर येण्याला फार वेळ लागत नाही. पदभ्रमणात धोका बहुधा या निनावी ओढ्यांतच असतो, कारण मोठ्या नदीवर पूल असतो आणि तिच्याविषयी मनात धाक असतो, तर ओढ्याला माणूस ‘हे काय, उडी मारून जाऊ’ असे म्हणतो.

हवामानाचा परिणामही आपल्या सवयीच्या विरुद्ध आहे. सलग तीन-चार दिवस आभाळ स्वच्छ आणि हवा उबदार असली, की रोजचा भर आदल्या दिवसापेक्षा वर जातो आणि पहाटेची पातळीही पूर्वीइतकी खाली येत नाही. उलट थंड, ढगाळ दिवसानंतर पाणी उतरते; मात्र त्या ढगांतून पाऊस पडला तर हा फायदा संपतो, कारण बर्फावर पडलेला पाऊस जमिनीत न मुरता जवळपास सगळा वाहून येतो.

‘मे महिन्यात तर पाणी कमीच असेल ना?’

गंगोत्रीचे मंदिर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, उघडते आणि दिवाळीच्या सुमारास बंद होते. शाळांची मोठी सुट्टी आणि शेतातली मोकळीक दोन्ही मेमध्येच मिळत असल्याने खानदेशातून जाणाऱ्यांचा कल साहजिकच तिकडे असतो. मे महिन्यात हिमनदीच्या अंगावर हिवाळ्यातला पांढरा हिम अजून असतो, तो ऊन परत फेकतो आणि वितळलेले पाणी काही काळ स्वतःत धरूनही ठेवतो, त्यामुळे मुख्य नदीचा रोजचा चढउतार तुलनेने सौम्य राहतो. म्हणजे शंका अर्धी बरोबर आहे.

उरलेला अर्धा भाग असा, की मे आणि जूनमध्ये उतारांवरचा हंगामी हिम झपाट्याने वितळत असल्याने बाजूचे ओढे भरलेले असतात आणि पुष्कळ ओढ्यांवर बर्फाचे पूल तयार झालेले असतात. ओढ्यावर साचलेला हिम वरून घट्ट राहतो आणि खालून पाण्याने पोखरला जातो, त्याला बर्फाचा पूल म्हणतात. पहाटे तो दगडासारखा कडक असतो. दुपारी तोच पूल माणसाच्या वजनाने खचू शकतो, आणि खाली गेलेला माणूस बर्फाच्या छताखालून वाहत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हिम निघून गेलेला, करडा बर्फ उघडा पडलेला आणि बर्फाखालच्या वाटा मोकळ्या झालेल्या असतात, म्हणून पाण्याचा भर मोठाही असतो आणि लवकरही येतो. त्यातच मान्सूनचा पाऊस आणि दरडी. या दोन महिन्यांत उत्तराखंड आणि हिमाचलच्या पावसाळी खोऱ्यांत नदीकाठचे पदभ्रमण आखूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

सर्वांत अनुकूल काळ सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. पाऊस परतलेला असतो, रात्री गोठवणाऱ्या असल्याने वितळणे थोडे असते आणि ओढे उथळ असतात. अडचण एवढीच की तेव्हा आपल्याकडे कापसाच्या वेचणीची लगबग सुरू होत असते आणि शाळाही चालू असतात. ज्यांना मेशिवाय गत्यंतर नाही त्यांनी मेमध्येच जावे, पण बर्फाचे पूल सकाळी नऊच्या आत ओलांडण्याच्या बेताने.

उंची आणि तास यांची सांगड

जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे, आणि ४,००० मीटरवर हवेचा दाब इतका कमी असतो की प्रत्येक श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत सुमारे ६० टक्केच ऑक्सिजन मिळतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला रात्री लागतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा, हा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराच्या यात्रेत रात्रभर चढणारा धडधाकट तरुणही याला अपवाद नसतो, कारण अस्तंबा सुमारे १,३२५ मीटरचा आहे. त्या चढणीने पाय तयार होतात, फुप्फुसे मात्र उंचीला सरावत नाहीत.

गंगोत्री ते गोमुख हे उदाहरण घेऊ. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर. तिथून चीरबासा ९, भोजबासा १४ आणि गोमुख १८ किलोमीटर. भोजबासा सुमारे ३,८०० मीटरवर आहे, म्हणजे गंगोत्रीतून थेट भोजबासाला मुक्कामाला जाणे हीच ७०० मीटरची उडी होते. हरिद्वारहून निघून पहिली रात्र उत्तरकाशीत, दुसरी गंगोत्रीत आणि तिसरी भोजबासाला, असा बेत सर्रास केला जातो. तो शरीरावर घाईचा आहे. उत्तरकाशीनंतर एक रात्र हर्षिलला, सुमारे २,६०० मीटरवर, आणि मग गंगोत्रीत दोन रात्री काढल्या तर तीच उडी बरीच सुसह्य होते. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवातीची लक्षणे दिसली तर आणखी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचे. गोळ्या घ्यायच्या की नाही हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे, सहप्रवाशाने नव्हे.

आता यात नदीचे तास बसवायचे. समजा, एखाद्या खोऱ्यात आजचा टप्पा १२ किलोमीटरचा आहे आणि वाटेत दोन ओढे आहेत, पहिला तिसऱ्या आणि दुसरा नवव्या किलोमीटरवर. पाठीवर ओझे घेऊन चढणीवर तासाला सव्वादोन किलोमीटरचा वेग चांगला मानावा. पहाटे साडेपाचला निघालेला गट दुसऱ्या ओढ्यावर साडेनऊला पोचतो, तेव्हा पाणी अजून खाली असते. तोच गट चहा, नाश्ता, छायाचित्रे आटोपून नऊला निघाला तर दुसऱ्या ओढ्यावर एक वाजता पोचतो. पाणी चढायला लागलेले असते, आणि थकव्यामुळे वेग कमी झालेला असल्याने प्रत्यक्षात दोनही वाजतात. अंतर तेवढेच, माणसेही तीच, फक्त निघण्याची वेळ बदलली. म्हणून आराखड्याच्या कागदावर प्रत्येक ओलांडणीसमोर एक शेवटची वेळ लिहावी आणि ती टळली तर अलीकडेच मुक्काम करायचा हे निघण्यापूर्वी सगळ्यांनी मान्य केलेले असावे. त्यासाठी एका दिवसाचे जादा अन्न आणि इंधन सोबत लागते. गूळ, शेंगदाणे, दशम्या असे न शिजवता खाण्याजोगे काही असेल तर उत्तम, कारण ४,००० मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही.

‘मला उत्तम पोहता येते’

तापीच्या डोहात पोहणाऱ्याला ही खात्री असणे स्वाभाविक आहे. पण हिमनदीच्या पाण्याचे तापमान टोकाजवळ शून्याच्या किंचितच वर असते. अशा पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि पाणी छातीत जाते. दहा मिनिटांच्या आत हातापायांचे स्नायू ऐकेनासे होतात, मग पोहणे येत असूनही हात मारता येत नाही. शरीर पूर्ण गारठून शुद्ध हरपण्याला त्यानंतर वेळ लागतो, पण तिथपर्यंत बहुधा कोणी पोचत नाही, कारण त्याआधीच प्रवाहाने दगडांवर आपटलेले असते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा ढकलण्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ढोबळ हिशेब केला तर गुडघ्याएवढे पाणी सेकंदाला एक मीटरने वाहत असेल तेव्हा ते दोन पायांना सात-आठ किलोच्या भाराइतके ढकलते. वेग दोन मीटर झाला की तोच रेटा तीस किलोच्या आसपास जातो. पाणी कमरेपर्यंत आले तर रेटा आणखी वाढतो, शिवाय पाण्याने शरीर उचलले गेल्याने पायांची पकडही सुटते. म्हणून वेगवान पाणी गुडघ्याच्या वर असेल तर दोनदा विचार करावा आणि मांडीच्या मध्यापर्यंत असेल तर पाऊल घालू नये.

तिसरी गोष्ट रंगाची. हिमनदी खडक घासत सरकते आणि त्या घासण्यातून पिठासारखी बारीक भुकटी तयार होते, जिच्यामुळे पाणी दुधट करडे दिसते. अशा पाण्यात तळ दिसत नाही, त्यामुळे खोली नजरेने कळत नाही. कानाने मात्र काही कळते: पात्रातून दगड गडगडल्याचा दबका आवाज येत असेल, तर तळच हलतो आहे, आणि तिथे पाय ठरणार नाही. हेच पाणी पिण्यासाठी घेताना रात्रभर भांड्यात निवळू द्यावे आणि मग उकळावे, नाहीतर भुकटीने फिल्टर तुंबतो. जवळ स्वच्छ झरा असेल तर तोच बरा.

ओलांडायचेच झाले तर

पहिला पर्याय नेहमी न ओलांडण्याचा. दुसरा, सकाळपर्यंत थांबण्याचा. तेही शक्य नसेल तर जागा निवडण्यात अर्धा तास गेला तरी चालेल. नदी अरुंद असते तिथे ती खोल आणि वेगवान असते, म्हणून जिथे ती पसरून अनेक धारांत वाहते ती रुंद जागा शोधावी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ खोल कोरलेला असतो, तिथे जाऊ नये. आणि खाली काय आहे ते आधी पाहावे. पन्नास पावलांवर धबधबा किंवा मोठाले दगड असतील तर जागा कितीही सोपी वाटली तरी सोडून द्यावी.

पाण्यात उतरताना बूट काढू नयेत, कारण गारठलेल्या अनवाणी पायाला दगडाची धार कळत नाही. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडल्यास पिशवी झटकून टाकता येते. तोंड प्रवाहाकडे ठेवून, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय उचलत किंचित खालच्या दिशेने सरकावे. तिघेचौघे असतील तर एकमेकांच्या पिशव्यांचे खांद्यांवरचे पट्टे धरून, सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला ठेवून, एकत्र चालावे. दोर कमरेला बांधून उतरणे चित्रांत शूरपणाचे दिसते, परंतु पडलेल्या माणसाला तोच दोर पाण्याखाली खेचून धरतो. ज्यांनी याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले नाही त्यांनी तो मोह टाळावा.

‘गाइड सोबत आहे आणि पूलही आहेत, मग आपण कशाला डोके शिणवायचे?’

स्थानिक गाइडला तिथली नदी आपल्यापेक्षा अनेक पटींनी जास्त कळते, आणि अनोळखी खोऱ्यात त्याच्याशिवाय जाऊ नये. पण गाइड सकाळी साडेपाचला निघा म्हणतो तेव्हा गटातले निम्मे लोक तंबूतच असतात, आणि तो ‘आज इथेच थांबू’ म्हणतो तेव्हा ‘आम्ही पूर्ण पैसे भरले आहेत’ असे त्याला ऐकावे लागते. त्याचे म्हणणे का बरोबर आहे हे गटाला कळत असेल, तरच त्याचा सल्ला अमलात येतो.

पुलांचेही तसेच. गोमुखाच्या वाटेवरील ओढ्यांवर टाकलेले पूल तात्पुरते, लाकडी असतात. जुलै २०२४ मध्ये चीरबासाजवळच्या नाल्यावरील असा पूल पाण्याने नेला, दोन भाविक प्रवाहात वाहून गेले आणि पलीकडे अडकलेल्या यात्रेकरूंना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले. सकाळी जाताना पूल होता म्हणून संध्याकाळी येताना असेलच, हे गृहीत धरता येत नाही.

घड्याळ न पाळणारे पूर

आतापर्यंत सांगितलेले सगळे रोजच्या पाण्याविषयी होते. काही पूर मात्र कोणतेही वेळापत्रक पाळत नाहीत. हिमनदी मागे सरकताना तिने वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध मागे उरतो, त्यामागे वितळलेले पाणी साचून तलाव होतो, आणि तो सैल बांध फुटला की सगळे पाणी एकदम खाली येते. १७ जून २०१३ च्या सकाळी केदारनाथच्या वरचा चोराबाडी तलाव अतिवृष्टीनंतर असाच फुटला. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण ल्होनाक तलाव फुटून तिस्ता नदीवरील चुंगथांगचे धरण वाहून गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात तर पाऊसही नव्हता आणि उन्हाळाही नव्हता. रोंटी शिखराच्या कड्यावरून खडक आणि बर्फाचा सुमारे २.७ कोटी घनमीटरचा लगदा कोसळला आणि ऋषीगंगा व धौलीगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली.

माणसाने सोडलेले पाणीही याच प्रकारात मोडते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढत उभ्या असलेल्या हैदराबादच्या २४ अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने ओढून नेले. हतनूर किंवा गिरणा धरणाखालच्या गावांत राहणाऱ्याला हा धोका समजावून सांगावा लागत नाही, पण परक्या खोऱ्यात वर धरण आहे हेच ठाऊक नसते. नकाशावर नदीच्या वरच्या अंगाला तलाव आणि धरणे आहेत का हे म्हणूनच आधी पाहावे.

अशा पुरांचे भाकीत चालत्या माणसाला करता येत नाही. त्याला करता येते ते एवढेच की पात्रात आणि पात्रालगत कमीत कमी वेळ घालवायचा. वाळूचा सपाट पट्टा तंबूला कितीही सोयीचा वाटला तरी तिथे झोपू नये. काठावर अडकलेले ओंडके, ताज्या गाळाची रेघ, गवत किंवा शेवाळ नसलेले धुतलेले दगड यांवरून पाणी कुठवर येऊन गेले आहे ते कळते; तंबू त्याच्या बऱ्याच वर लावावा. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवला तर तासाभरात पाणी चढते की उतरते ते दिसते. नदीचा रंग एकाएकी तपकिरी झाला, तिच्यातून झाडे वाहत येऊ लागली, किंवा याच्या उलट भर दुपारी पाणी अचानक कमी झाले, तर वर कुठेतरी प्रवाह अडला असण्याची शक्यता असते. त्या क्षणी सामान गोळा करत न बसता बाजूच्या उंचावर चढावे, नदीच्या दिशेने खाली पळू नये.

‘इतके सगळे असेल तर जाऊच नये, हे बरे’

हा आक्षेप घरातील वडीलधारी मंडळी घेतात आणि त्यांच्या काळजीला उत्तर आहे. वर सांगितलेल्या धोक्यांपैकी तलाव फुटणे किंवा कडा कोसळणे क्वचितच घडते. चालणाऱ्याच्या वाट्याला रोज येतो तो चढलेला ओढा, उशिरा सुटलेला गट आणि घाईने गाठलेली उंची, आणि या तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वी कागदावर सोडवता येतात. पावसाळा टाळून, गाइड घेऊन, राखीव दिवस ठेवून जाणाऱ्या गटाला गोमुखापर्यंतची वाट आवाक्यातली आहे. त्यापलीकडे तपोवनकडे जाणारी वाट हिमनदीच्या अंगावरून किंवा नदी ओलांडून जाते, आणि ती पहिल्याच हिमालयवारीत धरू नये.

राखीव दिवसांविषयी थोडे कडक बोलावे लागेल. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होते, त्यामुळे परतीची तारीख दोन महिने आधीच पक्की झालेली असते. मग शेवटच्या दिवशी ओढा भरलेला असला तरी ‘परवा दिल्लीहून गाडी आहे, भुसावळला उतरून सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे’ या दडपणाखाली लोक संध्याकाळी पाण्यात उतरतात. पदभ्रमणाचा शेवट आणि परतीची गाडी यांच्यात दोन मोकळे दिवस ठेवले, तर हे दडपणच राहत नाही. त्या दिवसांची गरज पडली नाही तर हरिद्वार आहेच.

परवान्यांचे काम लवकर हाती घ्यावे. गोमुखाची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, तिथे वनविभागाची परवानगी लागते आणि दिवसाला १५० जणांनाच सोडले जाते. गंगोत्री धामासाठी यात्रेची नोंदणी वेगळी करावी लागते. उपग्रह फोन सोबत नेण्याचा विचार कोणी करत असेल तर सरकारी परवानगीशिवाय तो भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे, हे लक्षात ठेवावे. गंगोत्रीच्या वर मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. म्हणून घरी एक कागद ठेवून जावे, ज्यावर रोजचा मुक्काम, गाइडचे नाव आणि क्रमांक, गटातील सर्वांचे रक्तगट, गंगोत्रीला परतण्याची तारीख, आणि त्या तारखेनंतर किती तास फोन आला नाही तर ११२ वर किंवा उत्तरकाशी जिल्हा प्रशासनाला कळवायचे, हे लिहिलेले असेल. त्या तासांत राखीव दिवस आधीच धरलेले असावेत, म्हणजे ओढ्याअलीकडे मुक्काम पडल्यामुळे झालेल्या एका रात्रीच्या उशिराने घरी धावपळ सुरू होणार नाही.